संध्याकाळचा वर्ग आणि वरची खोली: केबल, वाय-फाय की पॉवरलाइन?

घर आणि तक्रार

एका दुमजली घराचे हे प्रकरण आहे. तळमजल्यावरील दर्शनी खोलीत इंटरनेटची फायबर येते आणि तेथेच, टीव्हीखालच्या बंद कपाटात, राउटर ठेवलेला आहे. वरच्या मजल्यावर घराच्या अगदी मागच्या टोकाला अभ्यासिका असून घरातील एक शिक्षिका तेथून रोज संध्याकाळी व्हिडिओवर गणिताचे वर्ग घेतात. त्यांची तक्रार अशी, की वर्ग चालू असताना अधूनमधून आवाज तुटतो, फळ्यावरचे चित्र गोठते आणि काही क्षणांनी सगळे पुन्हा सुरळीत होते. मात्र तेवढ्यात सांगितलेली पायरी विद्यार्थ्यांच्या हातून निसटलेली असते. त्याच खोलीत फोनवर वेग तपासला, तर ७० ते ९० मेगाबिट प्रतिसेकंद असा आकडा दिसतो, आणि व्हिडिओवरील वर्गाला त्यातले जेमतेम तीन-चार मेगाबिट लागतात. एवढा वेग असताना वर्ग का तुटावा, हा प्रश्न घरच्यांना पडला होता, आणि या प्रकरणाचे मर्म त्याच प्रश्नात आहे.

घर प्रातिनिधिक आहे. काँक्रीटचा सांगाडा, मध्ये लोखंडी सळयांचा स्लॅब आणि विटांच्या जाड भिंती अशी बांधणी असलेल्या घरांत जे अनुभवास येते ते येथे एकत्र मांडले आहे, आणि पुढे दिलेली मोजमापे अशा घरात सामान्यतः ज्या पल्ल्यात येतात त्या पल्ल्यातील आहेत. दुसऱ्या घरात आकडे वेगळे येतील. ते कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि त्यांतून काय वाचावे, हे मात्र तेच राहील.

जाळ्यावर असलेली उपकरणे मोजकी होती: अभ्यासिकेतला लॅपटॉप, मुलाचा डेस्कटॉप, एक टीव्ही, घरातल्यांचे फोन, एक प्रिंटर आणि अंगणापलीकडच्या स्वतंत्र सामान-खोलीवर बसवलेले दोन कॅमेरे. हे सगळे वाय-फायवरच होते. राउटरपासून हातभर अंतरावरचा टीव्हीसुद्धा. इंटरनेटची जोडणी डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० मेगाबिटची होती. उपाय म्हणून तीन गोष्टी पुढे आल्या होत्या: घरात ठिकठिकाणी ठेवलेली यंत्रे सिग्नल एकमेकांकडे पुढे पाठवतात अशी वाय-फायची मेश यंत्रणा घेणे, विजेच्या सॉकेटमध्ये खोचायचे पॉवरलाइन अडॅप्टर घेणे किंवा भिंतींतून केबल ओढणे. यांतला कोणताही उपाय निवडण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे शोधणे आवश्यक होते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक घरांत वगळली जाते.

दोष घराच्या आत की बाहेर

लॅपटॉप तळमजल्यावर आणून तो छोट्या केबलने थेट राउटरला जोडला आणि लॅपटॉपचे वाय-फाय बंद केले. मग दोन पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या चाचण्या, एकाच वेळी चालू ठेवले, एक राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर आणि दुसरे इंटरनेटवरील एका दूरच्या पत्त्यावर. पहिले पिंग घरातल्या जाळ्याचे आरोग्य सांगते, दुसरे त्यात बाहेरच्या जोडणीची भर घालून सांगते. केबलवर राउटरचे उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येत होते आणि बाहेरचे १० ते १५ मिलिसेकंदांत. दोन्ही स्थिर होते. इथपर्यंत सगळे निर्दोष दिसत होते.

त्यानंतर एका फोनवरून फोटो आणि व्हिडिओंचा बॅकअप मुद्दाम सुरू केला. बाहेरचे पिंग लगेच चढत गेले आणि ४०० मिलिसेकंदांच्या आसपास जाऊन तिथेच राहिले. राउटरचे पिंग जागचे हलले नाही. म्हणजे विलंब घरातल्या तारेत किंवा हवेत तयार होत नव्हता. तो फायबरच्या तोंडाशी, अपलोडच्या रांगेत तयार होत होता. याचा हिशेब सोपा आहे. बाहेर जाणारी माहिती जोडणीच्या वेगापेक्षा जास्त दराने आली, की ती उपकरणाच्या स्मृतीत साठून राहते. ही साठवण एक मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट असेल, तर २० मेगाबिटच्या वाटेने ती रिकामी व्हायला सेकंदाचे दोन पंचमांश, म्हणजेच ४०० मिलिसेकंद लागतात, आणि शिक्षिकेच्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, त्या फोटोंच्या मागे तेवढा वेळ उभे राहते. संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी. ११४ ही शिफारस सांगते. त्याच्या अडीचपट विलंब एकट्या रांगेतच होत होता.

संध्याकाळी तक्रार का वाढत असे, याचे निम्मे उत्तर येथे मिळाले: त्याच सुमारास घरातले सगळे बाहेरून परतत आणि त्यांचे फोन घरच्या वाय-फायवर येताच दिवसभराचे फोटो वर चढवू लागत.

या दोषावर मेश, पॉवरलाइन किंवा केबल यांपैकी कशाचाही उपयोग नाही, हे मला ठासून सांगावेसे वाटते, कारण घराघरांत नवी उपकरणे विकत घेऊनही तक्रार तशीच राहते त्यामागे हे कारण फार वेळा असते. उपाय राउटरच्या आत आहे. रांगेचे व्यवस्थापन करणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत ८२९० क्रमांकाने प्रसिद्ध झाली आणि आज अनेक राउटरांच्या सेटिंगमध्ये ती किंवा तिच्या पुढची केक ही पद्धत मिळते. ती प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते, त्यामुळे आवाजाचे लहानसे पॅकेट फोटोंच्या ढिगामागे अडकत नाही. मात्र रांग राउटरमध्येच तयार व्हावी यासाठी राउटरला अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी सांगावी लागते. येथे ती १८ मेगाबिट ठेवली. दोन मेगाबिट सोडून दिले आणि त्या बदल्यात बॅकअप चालू असतानाही बाहेरचे पिंग ३० मिलिसेकंदांच्या आत राहिले.

हवेतून

आता लॅपटॉप पुन्हा अभ्यासिकेत नेला आणि वाय-फायवरून केवळ राउटरचे पिंग पाहिले. सरासरी आठ मिलिसेकंद आली, जी कुणालाही उत्तम वाटेल. परंतु सरासरी येथे फसवी आहे. शंभरातली एक-दोन उत्तरे २०० मिलिसेकंदांहून उशिरा येत होती आणि काही येतच नव्हती. व्हिडिओ संभाषणात ध्वनीची पॅकेटे साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास निघतात. शंभरात एक पॅकेट उशिरा आले, तर दर दोन सेकंदांना आवाजाचा एक तुकडा गळतो. प्रत्यक्षात ही उशिराची पॅकेटे एकत्र झुंडीने येतात, म्हणून काही मिनिटे सगळे छान चालते आणि मग अख्खा शब्द नाहीसा होतो. वेग तपासणारी साधने काही सेकंदांत किती माहिती आली याची बेरीज दाखवतात. त्या बेरजेत हे खड्डे दिसत नाहीत, आणि ९० मेगाबिटच्या आकड्याचे कोडे येथे सुटते.

अभ्यासिकेत वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील सिग्नलची पातळी उणे ७४ डीबीएमच्या आसपास होती; डीबीएम हे सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक आहे आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट. ध्वनी आणि व्हिडिओसाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगली पातळी असावी, असा जाळे बांधणाऱ्यांमध्ये रूढ झालेला दंडक आहे. डीबीएमच्या मोजपट्टीवर तीन अंकांची घट म्हणजे निम्मी शक्ती, त्यामुळे सात अंकांची घट म्हणजे हवी त्याच्या एक पंचमांश शक्ती पोहोचत होती. राउटरपासून अभ्यासिकेपर्यंतची सरळ रेषा कपाटाचे दार, एक जाड भिंत आणि सळयांनी भरलेला स्लॅब असा तिरका छेद घेत जाते, आणि तिरक्या छेदात स्लॅबची जाडी लाटांच्या दृष्टीने आणखी वाढते. सिग्नल खाली आला, की लॅपटॉप आपोआप २.४ गिगाहर्ट्झकडे वळे आणि तिकडे वेगळीच अडचण उभी होती.

वाय-फाय हे एका खोलीतल्या संभाषणासारखे आहे: एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे, मग तो बोलणारा आपल्या घरातला असो की शेजारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच धरता येतात, १, ६ आणि ११. आणि मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ तसेच आजूबाजूची सगळी जुनी उपकरणे याच पट्ट्यात असतात. त्यात सामान-खोलीवरचे दोन कॅमेरे दुरून, क्षीण सिग्नलवर, अखंड चित्रण पाठवत होते. क्षीण सिग्नलवरचे उपकरण सावकाश बोलते आणि म्हणून जास्त वेळ बोलते. १५०० बाइटचे एक पॅकेट ३०० मेगाबिटच्या दराने हवेत ०.०४ मिलिसेकंद घेते आणि ६ मेगाबिटच्या दराने २ मिलिसेकंद, म्हणजे पन्नासपट. कॅमेऱ्यांची माहिती थोडी होती, पण त्यांनी व्यापलेला हवेतला वेळ थोडा नव्हता.

खर्च न करता जे करता येण्यासारखे होते ते आधी केले. राउटर कपाटातून बाहेर काढून उंच फळीवर ठेवला, टीव्ही केबलने जोडला आणि ५ गिगाहर्ट्झच्या चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणली. रुंदी कमी केली, की कमाल वेग घटतो, पण गोंगाटही कमी आत येतो आणि दूरच्या उपकरणाला सिग्नल अधिक स्पष्ट ऐकू येतो. अभ्यासिकेतली पातळी उणे ६९ झाली. दुपारचे पिंग पुष्कळ सुधारले. संध्याकाळी मात्र झुंडीने उशीर होणे थांबले नाही.

मेशचा विचार येथे गांभीर्याने करावा लागतो, कारण भिंत न फोडता मिळणारा तो सर्वांत सोयीचा उपाय आहे. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे सांगणारा साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा पाठवतो, त्यामुळे उपलब्ध वेळ जवळजवळ निम्मा होतो. मेशच्या चांगल्या संचात दोन नोडमधील, म्हणजे संचातल्या दोन यंत्रांमधील, संवादासाठी वेगळा रेडिओ असतो आणि हा तोटा बराचसा टळतो. पण नोड बसवायची जागा कोणती? तो अभ्यासिकेत ठेवला, तर त्याला मिळणारा सिग्नल लॅपटॉपला मिळत होता तसाच क्षीण राहणार, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसून घरचे निश्चिंत होणार. जिन्याच्या वळणावर ठेवला, तर तो दोन्हीकडे नीट पोहोचेल, परंतु शेजारच्या जाळ्यांचा संध्याकाळचा गोंगाट त्यालाही सोसावा लागेल. फोनवर व्हिडिओ पाहण्यासाठी हा उपाय पुरेसा ठरला असता, कारण व्हिडिओ आधीच काही सेकंदांचा साठा करून ठेवतो. समोरासमोर चाललेल्या वर्गाला साठा करता येत नाही.

विजेच्या तारेतून

पॉवरलाइनविषयी टोकाची मते ऐकू येतात, आणि दोन्ही बाजूंचा अनुभव खरा असतो. हे तंत्र विजेच्या तारांवर उच्च वारंवारितेचा सिग्नल चढवते. होमप्लग या पॉवरलाइन तंत्राचे पहिले मानक २००१ मधले आणि १४ मेगाबिटचे होते. २००५ मधल्या एव्ही मानकाने २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नऊशेहून अधिक उपवाहक, म्हणजे शेजारी-शेजारी चालणाऱ्या छोट्या वारंवारिता, वापरून तारेवरचा दर २०० मेगाबिटपर्यंत नेला, आणि २०१२ मधल्या एव्ही-२ ने पट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवून फेज व न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही कामाला लावली. अर्थिंग नसलेल्या किंवा दोन पिनांच्या सॉकेटवर हा शेवटचा फायदा मिळत नाही. खोक्यावर छापलेला ‘१२००’ हा आकडा तारेवरचा कच्चा कमाल दर असतो. जाणे आणि येणे या दोन्ही दिशांनी तो वाटून घ्यायचा असतो, चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांत त्यातला मोठा भाग खर्च होतो, आणि काही मॉडेलांवरचा लॅन पोर्ट, म्हणजे जाळ्याची केबल लावायची जागा, तर १०० मेगाबिटचाच असतो.

परत करता येईल अशी एक जोडी आणून पाहणी केली. दर्शनी खोलीतल्याच दोन सॉकेटमध्ये जोडी खोचली, तेव्हा ३०० मेगाबिटहून जास्त मिळाले. एक अडॅप्टर अभ्यासिकेत नेला, तर दुपारी ६० ते ८० मिळाले आणि संध्याकाळी १५ ते ४०. राउटरचे पिंग बहुतेक वेळ चार-पाच मिलिसेकंदांचे होते, पण अधूनमधून ते शंभरीपार जात होते. अभ्यासिकेतला अडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटऐवजी स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात लावला, तेव्हा जोडणी जवळपास तुटलीच. स्पाइक गार्डमधील कपॅसिटर उच्च वारंवारितेला आडवाटेने खाली उतरवतात आणि सिग्नललाही गोंगाटाप्रमाणेच गिळतात.

संध्याकाळच्या घसरणीची कारणे शोधण्यासाठी एकेक उपकरण बंद करून मोजणी केली. मोबाइलचे दोन जुने चार्जर आणि वरच्या मजल्यावरचे एलईडी दिवे लावले, की वेग खाली येत होता. अशा उपकरणांतला वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून चालतो आणि त्याचा गोंगाट तारेवर सांडतो. शिवाय विजेच्या प्रत्येक आवर्तनात तो कमीजास्त होत असल्याने अडॅप्टरांना आपले गणित सतत नव्याने मांडावे लागते. दुसरे कारण घराच्या वायरिंगमध्येच होते. घराला तीन फेजचा पुरवठा आहे. दर्शनी खोली एका फेजवर आणि अभ्यासिका दुसऱ्यावर होती. फेज वेगळे असले, तरी सिग्नल शेजारून जाणाऱ्या तारांतून ओलांडून जातो, पण क्षीण होऊन. वाटेतील वितरण पेटी आणि तिच्यातील एमसीबी व आरसीसीबी हे वीज तोडणारे सुरक्षा-स्विच आपापला हिस्सा कापून घेतात, आणि पुढे कुठेही न जाणारी प्रत्येक शाखा सिग्नल परत उलटवते.

हेच अडॅप्टर सामान-खोलीत लावले असता चित्र वेगळे निघाले. त्या खोलीची वाहिनी वितरण पेटीतून थेट निघते, दर्शनी खोलीच्याच फेजवर आहे आणि तिच्यावर एक दिवा व कॅमेरे सोडून काही नाही. तेथे संध्याकाळीही वेग २० मेगाबिटच्या खाली गेला नाही, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना मिळून सहा मेगाबिट पुरतात. एकाच घरात एकच जोडी एका खोलीत नालायक आणि दुसऱ्या खोलीत लायक ठरली. म्हणून पॉवरलाइनबद्दल दुसऱ्याचा अनुभव विचारण्यापेक्षा आपल्याच दोन सॉकेटांमध्ये, सगळी उपकरणे चालू असतानाच्या वेळी मोजणी करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

सुरक्षिततेचा एक मुद्दा ओघात सांगतो. हा सिग्नल मीटरपाशी काटेकोरपणे थांबत नाही, आणि पुष्कळ अडॅप्टर कारखान्यातून एकाच ठरावीक चावीने, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या गुप्त शब्दाने, येतात. जोडीवरचे बटण दाबून स्वतःची चावी तयार केल्याशिवाय ते कायमचे वापरू नयेत.

केबलचा मार्ग

केबलच्या गुणांविषयी फार बोलावे लागत नाही. १९९९ मध्ये मानक झालेले तांब्याच्या तारेवरचे गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) इथरनेट, म्हणजे केबलवरचे जाळे, १०० मीटरपर्यंत चालते, दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेग देते आणि शेजाऱ्याच्या राउटरशी किंवा घरातल्या चार्जरशी त्याला घेणेदेणे नसते. प्रश्न सगळा मार्गाचा असतो. घरच्यांनी केबल आधीच नाकारली होती, कारण नव्याने रंगवलेल्या भिंतींना खाचा पाडणे त्यांना नको होते.

भिंतीत विजेच्या तारांचे पाइप होतेच, आणि त्यांतूनच लॅन केबल ओढावी अशी सूचना आली. ती मान्य करण्यासारखी नव्हती. लॅन केबलचे आवरण घरगुती विजेच्या दाबासाठी केलेले नसते. एकाच पाइपात एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले, तर विजेचा दाब थेट लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत पोहोचू शकतो. बाहेरच्या भिंतीवरून केबल वर नेण्याचा पर्यायही बाजूला ठेवला. उन्हाने साधे आवरण काही काळात तडकते आणि घराबाहेरून जाणारी तांब्याची तार वीज पडण्याच्या वेळी जोखीम बनते. या दुसऱ्या कारणामुळेच सामान-खोलीपर्यंत तांब्याची लॅन केबल नेण्याचा विचार केला नाही.

तोडगा घराच्या जुन्या बांधणीत सापडला. दर्शनी खोलीतून जिन्याच्या वरच्या चौकापर्यंत टेलिफोनच्या तारेसाठी घातलेला, आता वापरात नसलेला पाइप होता. जुन्या तारेच्या टोकाला दोरी आणि दोरीला नवी केबल बांधून ती वर ओढायची असे ठरले. एका वळणावर ओढ जड लागली, तेव्हा जोर न लावता दोन्ही बाजूंनी मागेपुढे करत ती सोडवली. जोरात ओढल्याने केबलच्या आतले पीळ ताणले जातात, आणि जोडीतील तारांचा पीळ हीच तर या केबलची खरी ताकद आहे. चौकापासून अभ्यासिकेच्या दारापर्यंत स्कर्टिंगच्या वरून पांढरी प्लास्टिकची पट्टी लावली, आणि भिंतीला एकच भोक पाडावे लागले.

केबल कॅट-६ या श्रेणीची निवडली. गिगाबिटसाठी कॅट-५ई पुरते, आणि २०१६ मधल्या मानकानुसार २.५ गिगाबिटही तिच्यावर १०० मीटरपर्यंत चालते. तेव्हा आधीच घातलेली कॅट-५ई उखडून काढण्याचे कारण नसते. नवी घालताना मात्र कॅट-६ घ्यावी, कारण ५५ मीटरपर्यंत ती १० गिगाबिटही वाहून नेऊ शकते. केबलच्या श्रेणीपेक्षा तिच्या धातूकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली लॅन केबल म्हणून सर्रास मिळतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते, तार वळणावर लवकर तुटते आणि अशी केबल मानकात बसत नाही. भिंतीत भरीव तारेची केबल घालून तिची दोन्ही टोके भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवली, आणि सॉकेटपासून उपकरणापर्यंत लवचिक पॅच केबल वापरली. टोके बसवताना दोन्हीकडे टी-५६८-बी हीच रंगरचना ठेवली आणि जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही.

ओढायची मेहनत एकच असल्यामुळे एकाऐवजी दोन केबली ओढल्या. पहिलीची जोडणी होताच लॅपटॉपने वेग १०० मेगाबिट दाखवला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. त्यामुळे एखादी तार बसली नसेल, तर जोडणी बंद न पडता गुपचूप खालच्या वेगावर येते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. टेस्टरने पाहिले असता सॉकेटमधली तपकिरी तार खाचेत नीट दाबली गेलेली नव्हती. ती पुन्हा बसवल्यावर गिगाबिट मिळाले आणि आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने मोजलेला प्रत्यक्ष वेग ९४० मेगाबिटच्या जवळ आला, जो या मानकावर अपेक्षित असतो.

अखेरची मांडणी

अभ्यासिकेत पाच पोर्टचा छोटा स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक उपकरणे जोडून देणारी पेटी, ठेवला. लॅपटॉप आणि मुलाचा डेस्कटॉप त्याला केबलने जोडले. दुसरी केबल जिन्याच्या चौकात बाहेर काढून तेथे केबलवरून आलेले जाळे वाय-फायने पसरवणारा ॲक्सेस पॉइंट बसवला, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या फोनना स्लॅबखालून येणाऱ्या सिग्नलवर अवलंबून राहावे लागू नये. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. केबल ओढली ती एका लॅपटॉपसाठी, पण तिचा लाभ वाय-फायला सगळ्यात जास्त झाला: टीव्ही, लॅपटॉप, डेस्कटॉप आणि कॅमेरे हवेतून उतरले, आणि हवा केवळ हातात घेऊन फिरायच्या उपकरणांसाठी मोकळी राहिली. जागेवर स्थिर असणाऱ्या उपकरणांना तार द्यावी आणि फिरत्या उपकरणांना हवा, ही विभागणी घर लहान असो वा मोठे, उपयोगी पडते.

ॲक्सेस पॉइंटचे नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरचेच ठेवले, चॅनेल वेगळे दिले आणि प्रक्षेपणाची शक्ती मध्यम केली, कारण दोन्ही यंत्रे पूर्ण शक्तीवर असतील तर फोन दूरच्या यंत्राला चिकटून राहतात. हे उपकरण राउटर म्हणून न चालवता ॲक्सेस पॉइंट म्हणूनच चालवावे लागते. अन्यथा घरात पत्ते वाटणारी दोन केंद्रे तयार होतात आणि वरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसेनासा होतो.

जोडणीच्या वेळी एक अडथळा आला, तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. पाहणीच्या वेळचा पॉवरलाइन अडॅप्टर अभ्यासिकेत अजून खोचलेला होता, आणि त्याची केबल कुणीतरी नव्या स्विचमध्ये लावली. त्याबरोबर घरातले सगळे जाळे ठप्प झाले. राउटर आणि स्विच यांच्यामध्ये आता दोन वाटा होत्या, एक केबलची आणि एक विजेच्या तारेची. साध्या स्विचला असे वर्तुळ ओळखता येत नाही आणि सर्वांसाठी पाठवलेले एकच पॅकेट त्यात अखंड फिरत राहून वाढत जाते. अडॅप्टर काढताच सगळे पूर्ववत झाले. एका माध्यमाच्या जागी दुसरे आणताना पहिले आधी काढून घ्यावे.

बदलानंतर अभ्यासिकेतून राउटरचे पिंग सकाळ-संध्याकाळ एक मिलिसेकंदाच्या आत राहिले आणि एकही पॅकेट हरवलेले दिसले नाही. बॅकअप चालू असताना घेतलेल्या वर्गातही आवाज तुटला नाही. यातला पहिला परिणाम केबलचा आहे आणि दुसरा रांगेच्या व्यवस्थापनाचा. फक्त केबल ओढली असती, तर फोटो चढू लागताच वर्ग पूर्वीसारखाच अडखळला असता.

जुना पाइप नसता तर निर्णय कदाचित बदलला असता. टीव्हीसाठी घातलेली कोअक्सिअल केबल अभ्यासिकेपर्यंत गेलेली असती, तर तिच्यावर चालणारे मोका अडॅप्टर मी पॉवरलाइनच्या आधी आजमावले असते. त्या केबलला स्वतःचे संरक्षक आवरण असते आणि तिच्यावर चार्जरचा गोंगाट येत नाही. घर भाड्याचे असते आणि भोक पाडण्याची परवानगी नसती, तर जिन्याच्या कडेने चिकटवलेली केबल आणि तीही शक्य नसल्यास वेगळ्या रेडिओची मेश, हा क्रम ठेवला असता.

सामान-खोलीतले कॅमेरे पॉवरलाइनवरच राहिले आहेत, आणि त्यांच्या जोडीची चावी नव्याने तयार केली आहे. त्या वाहिनीवर पाण्याचा पंप किंवा बॅटरी चार्जर जोडला गेला, तर तेथील संध्याकाळची मोजणी पुन्हा घ्यावी लागेल. नीचांक दहा मेगाबिटच्या खाली गेल्यास तेथवर जमिनीखालून, वेगळ्या पाइपातून, फायबर नेण्याचे घरच्यांनी मान्य केले आहे.